यकृतपेशींवर औषधाची विषारिता कशी तपासायची: पहिल्या प्लेटपासून निकालापर्यंत

"या संयुगाची लिव्हर टॉक्सिसिटी बघून घ्या," असं मार्गदर्शकांनी सांगितलं की बहुतेक जण हेपजी२ (यकृतातल्या गाठीपासून बनवलेल्या) पेशी मागवतात, एमटीटी (पेशींच्या जिवंतपणाची रंगावरून होणारी तपासणी) करतात, आयसी५० (तपासणीचं वाचन निम्म्यावर आणणारी तीव्रता) काढतात आणि तो आकडा प्रबंधात घालतात. आकडा बरोबरही असतो. पण औषध यकृताला सोसेल का, हे त्यातून कळतंच असं नाही.

पॅरासिटामॉलचंच घ्या. जास्त मात्रेत ते माणसाचं यकृत निकामी करतं, हे सर्वांना माहीत आहे. तेच हेपजी२ पेशींवर १० मिलिमोलर इतकं घातलं, तरी २४ तासांनी पेशी बऱ्यापैकी शाबूत दिसतात. पॅरासिटामॉल स्वतः फारसं विषारी नाही. यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं एनएपीक्यूआय या पदार्थात रूपांतर करतं, तो पदार्थ पेशीला वाचवणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा संपवतो आणि मग पेशी मरते. हेपजी२ मध्ये हे एन्झाइम नावालाच असतं. विष तयारच होत नाही, मग पेशी मरणार कशाने?

म्हणून या कामात पहिला निर्णय पेशींचा. तो चुकला तर पुढचं पिपेटिंग कितीही नेटकं असलं तरी उपयोग नाही.

## १. प्रश्न ठरवा, मग पेशी निवडा

हेपजी२. अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीपासून ही सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारा पेशींचा वंश) तयार झाली. बरीच वर्षं तिला हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणत. नंतरच्या तपासणीत ती हिपॅटोब्लास्टोमा (मुलांमधली यकृताची गाठ) असल्याचं दिसलं. प्रबंधात जुनं वर्णन उतरवू नका. स्वस्त, काटक, वाढवायला सोपी. औषध थेट पेशीला मारतं का, मायटोकॉन्ड्रियाला इजा करतं का, एवढे प्रश्न तिला विचारता येतात. चयापचयातून तयार होणारं विष आणि पित्ताच्या वहनातला अडथळा या दोन गोष्टी तिला विचारू नका.

हेपाआरजी. दोन आठवडे वाढवून पुढचे दोन आठवडे सुमारे २% डीएमएसओ (एक द्रावक) असलेल्या मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, ठेवल्या की या पेशी निम्म्या यकृतपेशींसारख्या आणि निम्म्या पित्तनलिकेच्या पेशींसारख्या होतात. सीवायपी३ए४ (औषधं मोडणारं यकृतातलं एन्झाइम) चांगलं असतं. महाग आहेत आणि चार आठवड्यांचा धीर लागतो.

प्रायमरी मानवी यकृतपेशी. दात्याच्या यकृतातून काढून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या. माणसाच्या यकृताच्या सर्वात जवळच्या याच. पण साध्या सपाट प्लेटमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्यांची सीवायपी एन्झाइम्स झपाट्याने घटतात, आणि त्या वाढत नाहीत. एक व्हायल उघडली की ती संपली.

माझा सल्ला असा: हेपजी२ वर हात बसवा, त्यांच्यावर संयुगांची पहिली छाननी करा, आणि ज्या संयुगाबद्दल खरा निर्णय घ्यायचा आहे ते प्रायमरी पेशींवर न्या. रोगप्रतिकार यंत्रणेमुळे हजारांत एखाद्यालाच होणारी यकृताची इजा यांपैकी कोणत्याही प्लेटमध्ये दिसणार नाही, हेही आधीच लिहून ठेवा.

सापळा: चँग लिव्हर, डब्ल्यूआरएल-६८ आणि एल-०२ या "सामान्य यकृतपेशी" म्हणून वापरल्या जाणाऱ्या सेल लाइन्स प्रत्यक्षात हेला पेशींनी दूषित झालेल्या आहेत. हेला म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी. "कर्करोगाच्या पेशी मरतात, पण सामान्य यकृतपेशी सुरक्षित राहतात" असं दाखवणारे कितीतरी शोधनिबंध याच पेशींवर उभे आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालू नका.

## २. कागदपत्रं आणि सामान

हेपजी२ भारतात पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसच्या पेशी-भांडारातून मिळतात. शेजारच्या प्रयोगशाळेतून "थोड्या पेशी" मागून आणणं हा सर्वात वाईट मार्ग. त्या कितव्या पॅसेजच्या (कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या) आहेत आणि त्यांत मायकोप्लाझ्मा (लपून वाढणारा सूक्ष्म जिवाणू) आहे का, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

कागद हे जमवा:

- पेशींचं एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा तपासणीचा अहवाल
- साहित्य हस्तांतरण करार, संस्था मागत असेल तर
- मानवी प्रायमरी पेशींसाठी संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी, आणि दात्याच्या संमतीबद्दल पुरवठादाराचं पत्र
- औषधाचं विश्लेषण प्रमाणपत्र: शुद्धता, लॉट, क्षाराचं रूप
- जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी तुमच्या संस्थेचा करार आहे का, याची खात्री

क्षाराच्या रूपावर लोक हमखास चुकतात. क्लोरप्रोमॅझिनचा रेणुभार ३१८.९, पण बाटलीत असतं ते हायड्रोक्लोराइड, त्याचा ३५५.३. पहिला आकडा धरून वजन केलंत तर प्रत्येक डोस सुमारे १०% कमी पडतो, आणि हे पुढे कुठल्याही आलेखात दिसत नाही.

सामान: क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेट, ३७ अंश आणि ५% कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर (यूपीएसवर, तीन तास वीज गेली तर ७२ तासांचा प्रयोग बाद धरा), इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, हिमोसायटोमीटर (पेशी मोजायची काच), मल्टिचॅनल पिपेट, प्लेट रीडर, ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) सपाट तळाच्या प्लेट्स, एमईएम किंवा डीएमईएम मीडिया, १०% एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), ०.२५% ट्रिप्सिन-ईडीटीए (चिकटलेल्या पेशी सोडवायला), ०.४% ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवायला), पेशींसाठीचं निर्जंतुक डीएमएसओ.

एफबीएसचा लॉट बदलला की पेशींची वाढही बदलते. संपूर्ण प्रकल्पाला पुरेल एवढा एकाच लॉटचा साठा घेऊन गोठवून ठेवा.

## ३. पेशी वाढवणं

व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात धरा. बर्फाचा छोटा खडा उरला की लगेच बाहेर काढा. दोन मिनिटांच्या आत हे व्हायला हवं. कोमट मीडियात सोडा, सेंट्रिफ्यूजमध्ये १२५ जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १२५ पट जोराने) ५ मिनिटं फिरवा, वरचं द्रव टाका, पेशी फ्लास्कमध्ये घाला. गोठवलेल्या व्हायलऐवजी मीडियाने काठोकाठ भरलेला फ्लास्क आला असेल तर जास्तीचं मीडिया काढून एक रात्र इन्क्युबेटरमध्ये ठेवा, लगेच ट्रिप्सिन लावू नका.

हेपजी२ एकसारख्या पसरत नाहीत. त्या बेटाबेटांनी वाढतात, आणि बेटांच्या मध्यभागी पेशी एकमेकींवर चढायला लागतात. तिथे नवशिक्याची फसगत होते: फ्लास्क अर्धा रिकामा दिसतो, म्हणून अजून दोन दिवस थांबायचं, आणि तोवर बेटांच्या पोटातल्या पेशी मरायला लागलेल्या असतात. ७० ते ८०% जागा भरली की पॅसेज करा, १ फ्लास्कचे ४ ते ६. दुपटीला साधारण ४८ तास लागतात.

ट्रिप्सिननंतर पेशी झुपक्यांत सुटतात. झुपके तसेच मोजले तर मोजणी खोटी, आणि तेच वेलमध्ये पडले तर एका वेलमध्ये तिप्पट, शेजारच्यात रिकामं. पेशींचं द्रव ५ मिलीच्या पिपेटमध्ये ओढून फ्लास्कच्या भिंतीवर हळू हळू १० ते १५ वेळा सोडा. फेस येऊ देऊ नका. तरी झुपके राहिले तर २१ गेजच्या सुईतून एकदा ओढा किंवा ४० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा.

पेशी हातात आल्या की पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच किमान १० व्हायल्स गोठवा: प्रत्येकीत १० ते २० लाख पेशी, ९०% एफबीएस आणि १०% डीएमएसओ, मिनिटाला १ अंशाने थंड. नंतर दर १५ पॅसेजला नवी व्हायल. मायकोप्लाझ्मा पीसीआरने महिन्यातून एकदा तपासा. त्याने मीडिया गढूळ होत नाही, मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही. फक्त एमटीटीचे आकडे दर आठवड्याला वेगळे येतात आणि माणूस पिपेटला दोष देत बसतो.

## ४. डोस ठरवा: सुरुवात सीमॅक्सपासून

औषध घेतल्यावर रक्तात त्याची जी सर्वोच्च पातळी होते ती सीमॅक्स. डोसची शिडी तिच्यावर बांधा. वरची पायरी सीमॅक्सच्या १०० पट, खालची सीमॅक्सच्या आसपास किंवा त्याखाली, हा या क्षेत्रातला रुळलेला संकेत आहे. १०० पट जास्त वाटेल. पण यकृतात औषधाची पातळी रक्तापेक्षा बरीच वर जाऊ शकते, काही रुग्ण इतरांपेक्षा नाजूक असतात, आणि प्लेटमधला काळ दिवसांचा असतो, महिन्यांचा नाही.

मग विद्राव्यतेचा अडसर येतो. मधुमेहाचं ट्रोग्लिटाझोन हे औषध यकृत निकामी होण्याच्या घटनांमुळे २००० साली अमेरिकेत मागे घेतलं गेलं. त्याचा सीमॅक्स सुमारे ६ मायक्रोमोलर. १०० पट म्हणजे ६०० च्या वर, आणि एवढं ते मीडियात विरघळतच नाही. शिवाय ते ९९% पेक्षा जास्त प्रथिनांना चिकटतं, म्हणून १०% सीरममध्ये आणि सीरमशिवाय त्याचे आयसी५० कित्येक पटींनी वेगळे येतात. सीरम किती होतं हे न लिहिलेला आयसी५० अर्धवट आहे.

सर्वात वरचा डोस पेशींशिवाय नुसत्या मीडियात बनवा, ३७ अंशांवर एक तास ठेवा आणि मायक्रोस्कोपखाली पाहा. बारीक सुया, चमकणारे कण किंवा तेलकट थेंब दिसले, तर तो डोस प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. तो वगळा, खालच्या पायरीवर या, आणि "विद्राव्यतेमुळे मर्यादा" असं नोंदवा.

शिडी अशी बनवा. डीएमएसओमध्ये २० मिलिमोलरचा स्टॉक घ्या आणि डीएमएसओमध्येच ३.१६ पटीने पातळ करत आठ पायऱ्या करा. मग प्रत्येक पायरीचे १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर मीडियात. हे दुप्पट तीव्रतेचं द्रावण झालं. वेलमध्ये आधी १०० मायक्रोलिटर मीडिया असेल, त्यात हे १०० घातले की वरचा डोस १०० मायक्रोमोलर आणि सगळीकडे डीएमएसओ ०.५%. पायऱ्या मीडियात पातळ करत गेलात तर दर पायरीला डीएमएसओही बदलतो आणि वरच्या डोसला दिसलेला परिणाम औषधाचा की डीएमएसओचा, हे सांगता येत नाही.

पॅरासिटामॉलला ही पद्धत चालत नाही. ३० मिलिमोलरसाठी ६ मोलरचा स्टॉक लागेल, तो बनत नाही. ते थेट मीडियात विरघळवा: १० मिलीला ४५ मिलिग्रॅम. फिल्टरने निर्जंतुक करून त्याच दिवशी वापरा. इथे ते दुप्पट तीव्रतेचं नाही, म्हणून वेलमधलं जुनं मीडिया काढून घालावं लागेल.

## ५. प्लेटचा नकाशा कागदावर काढा

कडेच्या ३६ वेल्समध्ये औषध घालू नका. तिथलं पाणी उडतं, मीडिया दाट होतं आणि पेशी वेगळ्या वागतात. त्यांत २०० मायक्रोलिटर पीबीएस (पेशींना चालणारं मिठाचं द्रावण) भरा. आतल्या ६० वेल्स तुमच्या: ओळी बी ते जी, स्तंभ २ ते ११.

- स्तंभ २: फक्त ०.५% डीएमएसओ, सहाही वेल्स
- स्तंभ ३ ते १०: आठ डोस, बी-सी-डी मध्ये पहिलं औषध, ई-एफ-जी मध्ये दुसरं
- स्तंभ ११: तीन वेल्समध्ये १०० मायक्रोमोलर क्लोरप्रोमॅझिन (पेशी मारणारं नियंत्रण), तीन वेल्स पेशींशिवाय (रिकामं वाचन)

औषधांची जोडी निवडताना एक हानिकारक आणि त्याच वर्गातलं किंवा त्याच्याशी साधर्म्य असलेलं एक तुलनेने निर्धोक घ्या: ट्रोग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोन, ट्रोव्हाफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन, नेफाझोडोन आणि बुस्पिरोन. कोणतं औषध कोणत्या गटात मोडतं हे अमेरिकी एफडीएच्या डिलीरँक यादीत आणि लिव्हरटॉक्स या मोफत संकेतस्थळावर पाहता येतं. तुमची पद्धत ही जोडी वेगळी ओळखू शकली नाही, तर नव्या संयुगाबद्दल ती काय सांगणार?

पेशी पेरणं. २४ तासांच्या प्रयोगाला वेलमागे १०,०००, ७२ तासांच्या प्रयोगाला ५,०००. समजा पेशी आणि ट्रायपॅन ब्लू समसमान मिसळून हिमोसायटोमीटरच्या चार कोपऱ्यांत १२० जिवंत पेशी मोजल्या. सरासरी ३०, गुणिले २, गुणिले १०,००० म्हणजे मिलीला ६ लाख. वेलमागे १०,००० साठी मिलीला १ लाख हव्यात. ८ मिली बनवायला १.३३ मिली पेशी आणि ६.६७ मिली मीडिया. जिवंत पेशी ९०% पेक्षा कमी असतील तर त्या दिवशी प्लेट लावू नका.

पेरताना दर ओळीनंतर ट्यूब उलटसुलट करा, पेशी तळाशी बसतात. प्लेट भरली की लगेच इन्क्युबेटरमध्ये ढकलू नका. कॅबिनेटमध्येच २० ते ३० मिनिटं सपाट राहू द्या. कडा आधी तापल्या की प्रवाह तयार होतो आणि पेशी वेलच्या एका बाजूला गोळा होतात. औषध दुसऱ्या दिवशी.

औषध घालताना टिप वेलच्या भिंतीला टेकवा. हेपजी२ ची पकड सैल असते. मध्यभागी जोरात सोडलेला थेंब पेशींच्या थरात नाण्यासारखं गोल भोक पाडतो, आणि ते भोक विषारितेसारखं मोजलं जातं.

## ६. वाचन: कोणती तपासणी काय मोजते

एमटीटी. पीबीएसमध्ये ५ मिलिग्रॅम प्रति मिली, गाळून, अंधारात. २०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये २० मायक्रोलिटर घाला, ३७ अंशांवर ३ तास ठेवा. मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशींत जांभळ्या सुयांचे झुबके दिसतील. आता सर्वात धोक्याचं काम: द्रव काढणं. प्लेट आधी ५ मिनिटं हळू फिरवून घ्या, मग टिप भिंतीला लावून तिरक्या प्लेटमधून ओढा आणि तळाशी थोडं द्रव सगळीकडे सारखंच राहू द्या. १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, १० मिनिटं हलवा, ५७० नॅनोमीटरला वाचा आणि ६९० चं वाचन वजा करा.

एमटीटी पेशींची संख्या मोजत नाही, त्यांची क्षपणशक्ती (इलेक्ट्रॉन देण्याची ताकद) मोजते. त्यामुळे १३०% "जिवंत" असा निकाल येऊ शकतो. तो पेशी वाढल्याचा पुरावा नाही. वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. फ्लॅव्होनॉइड्स, टॅनिन्स, व्हिटॅमिन सी हे पदार्थ पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. मेलेल्या पेशींची प्लेट अशा अर्कामुळे सुदृढ दिसते. रिकाम्या वेल्समध्ये मीडिया, अर्क आणि एमटीटी घालून वाचा. जांभळं आलं तर एमटीटीआधी पेशी कोमट पीबीएसने दोनदा धुवा किंवा तपासणीच बदला.

एटीपी. पेशीतला ऊर्जेचा रेणू. तो ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या एन्झाइमने मोजणारं किट. जास्त संवेदनशील आणि धुण्याची भानगड नाही. पांढऱ्या भिंतींची प्लेट लागते. प्लेट ३० मिनिटं खोलीच्या तापमानाला आणा, वेलमधल्या द्रवाइतकंच रसायन घाला, २ मिनिटं हलवा, १० मिनिटांनी वाचा. रेझवेराट्रॉलसारखी काही संयुगं ल्युसिफरेजलाच अडवतात आणि पेशी ठणठणीत असताना एटीपी कमी दाखवतात.

एलडीएच. पेशी फुटून बाहेर पडलेलं एन्झाइम. सीरममध्येही एलडीएच असतं, म्हणून पार्श्वभूमी जास्त येते. १ ते २% सीरमवर करा.

किमान दोन वेगळ्या तत्त्वांच्या तपासण्या करा. त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तर बहुतेक वेळा संयुग एखाद्या रसायनात ढवळाढवळ करत असतं. आणि काहीही वाचण्याआधी प्लेट मायक्रोस्कोपखाली पाहा. गोल झालेल्या, सुटून तरंगणाऱ्या पेशी, आतल्या पोकळ्या, औषधाचे स्फटिक हे प्लेट रीडर सांगत नाही.

## ७. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज

हेपजी२ असूनही मायटोकॉन्ड्रियाचं विष पकडायचं असेल तर ही स्वस्त युक्ती फार कामाची आहे. नेहमीच्या डीएमईएममध्ये २५ मिलिमोलर ग्लुकोज असतं. त्यात कर्कपेशी ग्लायकोलिसिसवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाविना ग्लुकोज मोडून, निवांत जगतात. मायटोकॉन्ड्रिया बंद पडले तरी त्यांचं अडत नाही. ग्लुकोज काढून १० मिलिमोलर गॅलॅक्टोज दिलं की ऊर्जेसाठी त्यांना मायटोकॉन्ड्रियावर अवलंबून राहावं लागतं.

ग्लुकोजमुक्त डीएमईएम, १० मिलिमोलर गॅलॅक्टोज, १ मिलिमोलर पायरुवेट, ग्लुटामिन, आणि डायलाइझ केलेलं (लहान रेणू काढून टाकलेलं) एफबीएस वापरा. साध्या एफबीएसमध्येही ग्लुकोज असतं, हे बहुतेक जण विसरतात. पेशी या मीडियात हळू वाढतात, त्यांना रुळायला वेळ द्या. मग दोन्ही मीडियात एकाच दिवशी प्लेट लावा आणि एटीपी मोजा. ग्लुकोजमधला आयसी५० गॅलॅक्टोजमधल्यापेक्षा तिप्पट किंवा जास्त असेल तर मायटोकॉन्ड्रियाकडे बोट दाखवता येतं. नियंत्रण म्हणून रोटेनोन हे मायटोकॉन्ड्रियाचं विष घ्या. गॅलॅक्टोजमध्ये त्याने एटीपी कोसळलं नाही, तर मीडियात अजून ग्लुकोज आहे.

## ८. प्रायमरी पेशी आणि गोळे

१९९३ साली अमेरिकेत हिपॅटायटिस बी वरच्या फियालुरिडिनची चाचणी १५ रुग्णांवर चालू होती. प्राण्यांवरच्या तपासण्यांनी धोक्याचा इशारा दिला नव्हता. कित्येक आठवड्यांनी सात जणांची यकृतं निकामी होऊ लागली. पाच दगावले, दोघे यकृतरोपणामुळे वाचले. औषध मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत शिरत होतं, आणि त्याचा परिणाम साचायला वेळ लागत होता. २४ तासांच्या प्लेटमध्ये असं औषध पकडणं अशक्य आहे. प्रायमरी पेशींचे गोळे (स्फेरॉइड, एकमेकींना चिकटलेल्या पेशींचे त्रिमितीय पुंजके) करून दोन आठवडे औषध देत राहिलं की ते दिसतं.

मागवताना "प्लेटेबल" लॉटच मागा. नुसत्या निलंबनासाठीच्या लॉटमधल्या पेशी चिकटत नाहीत. लॉटच्या कागदावर चिकटण्याची क्षमता आणि सीवायपी३ए४, २सी९, २डी६ ची क्रियाशीलता पाहा. एका दात्यावर निष्कर्ष काढू नका, किमान तीन घ्या.

व्हायल विरघळवल्यावर ५० मिली थॉइंग मीडियात सोडा, ५० ते १०० जी वर फिरवा. जास्त वेगाने या पेशी चिरडतात. नेहमीची अरुंद टिपही चालत नाही, रुंद तोंडाची घ्या. जिवंत पेशी ८०% च्या वर हव्यात. कोलॅजन १ चा थर दिलेल्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे सुमारे ५०,०००. प्लेट गोल फिरवू नका, सगळ्या पेशी मध्यभागी येतात. उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम अशी हळू हलवा. ४ ते ६ तासांनी न चिकटलेल्या पेशी काढून सीरमविरहित मीडिया द्या: इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम आणि १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन. चांगल्या प्लेटमध्ये दुसऱ्या दिवशी बहुकोनी पेशी फरशीसारख्या बसलेल्या दिसतात, कित्येकींत दोन केंद्रकं, आणि पेशींच्या सांध्यांवर उजळ रेघा. त्या रेघा म्हणजे पित्तनलिका तयार व्हायला लागल्याची खूण.

गोळ्यांसाठी न चिकटणाऱ्या, गोल तळाच्या प्लेटमध्ये वेलमागे १,५०० ते २,००० पेशी, १०० ते २०० जी वर दोन मिनिटं. गोळा घट्ट व्हायला ५ ते ७ दिवस. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी निम्मं मीडिया बदलत १४ दिवस औषध. निम्मंच बदलत असल्याने औषधाचं प्रमाण घसरणार नाही, असा हिशेब आधी करा. एटीपीसाठी गोळ्यांचं खास रसायन आणि जास्त वेळ हलवणं लागतं, नाहीतर गाभ्यातल्या पेशी फुटतच नाहीत. मधूनमधून मीडियातलं अल्ब्युमिन मोजा. एटीपी टिकून असताना अल्ब्युमिन घसरलं तर पेशी जिवंत आहेत पण यकृताचं काम सोडत आहेत.

## ९. आकडा काढणं आणि वाचणं

टक्केवारी म्हणजे (औषधाचं वाचन वजा रिकामं) भागिले (डीएमएसओचं वाचन वजा रिकामं), गुणिले १००.

आलेख काढण्याआधी प्लेट ग्राह्य आहे का ते तपासा. झेड-प्राइम (दोन नियंत्रणं एकमेकांपासून किती स्पष्ट वेगळी आहेत याचा निर्देशांक) म्हणजे १ वजा [३ × (दोन्ही नियंत्रणांच्या प्रमाण विचलनांची बेरीज) ÷ (दोन्ही सरासऱ्यांतला फरक)]. डीएमएसओचं वाचन १.०० ± ०.०६ आणि क्लोरप्रोमॅझिनचं ०.०८ ± ०.०२ असेल तर झेड-प्राइम ०.७४. ०.५ च्या खाली प्लेट टाकून द्या, त्यातला एखादा "चांगला" डोस वाचवू नका. एका प्लेटवरच्या तीन वेल्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर तीनदा करा, तेव्हा एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर ३.

आयसी५० ला सीमॅक्सने भागा. समजा दोन संयुगांचा आयसी५० एकच आहे, ६० मायक्रोमोलर. पहिल्याचा सीमॅक्स ०.५, अंतर १२० पट. दुसऱ्याचा ६, अंतर फक्त १० पट. प्रबंधातल्या तक्त्यात दोघं सारखी दिसतील. रुग्णाच्या दृष्टीने दुसरं काळजीचं आहे. वरच्या डोसलाही ५०% पेशी मेल्या नाहीत तर आलेख पुढे ताणून आयसी५० काढू नका, "१०० पेक्षा जास्त" एवढंच लिहा.

वनस्पतीच्या अर्काला सीमॅक्सच नसतो. "१०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत सुरक्षित" हे वाक्य माणसाबद्दल काहीच सांगत नाही; ते फक्त त्या पेशी, तो काळ आणि ती तपासणी यांच्यापुरतं खरं. "यकृतरक्षक" प्रयोगांत आणखी एक चूक फार होते. कार्बन टेट्राक्लोराइडलाही विष बनायला सीवायपी२ई१ लागतं, म्हणून हेपजी२ मध्ये त्याने पेशी मेल्या तर बहुधा द्रावकाच्या माऱ्याने मेल्या. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अर्क एकाच वेळी घातले तर ते मीडियातच एकमेकांशी प्रतिक्रिया करतात. आधी अर्क देऊन, धुऊन, मगच इजा करा.

## १०. नोंद आणि नियम

मार्च २०२३ च्या दुरुस्तीने भारताच्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ मध्ये पेशींवरच्या आणि ऑर्गन-ऑन-चिपसारख्या (चिपवर अवयवाची नक्कल करणाऱ्या) पद्धतींना जागा मिळाली. अमेरिकेत तसा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. याचा अर्थ प्राण्यांवरच्या तपासण्या सरसकट संपल्या असा नाही. पण तुमच्या प्लेटचा निकाल उद्या नियामकापुढे जाऊ शकतो, आणि तिथे नोंदी तपासल्या जातात. प्रयोगशाळेत चांगली पद्धत बसवण्यासाठी ओईसीडीची २०१८ ची गिव्हिम्प मार्गदर्शिका एकदा शांतपणे वाचा.

वापरलेलं मीडिया १% सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवून मगच टाका. डीएमएसओतलं एमटीटी त्यात ओतू नका, ते रासायनिक कचऱ्यात वेगळं जातं. ब्लीच असलेली बाटली ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायची नाही.

वहीत प्रत्येक प्लेटमागे पेशींचं नाव आणि पॅसेज, सीरमचा लॉट आणि प्रमाण, डीएमएसओचं प्रमाण, औषधाचा लॉट आणि क्षाररूप, पेरलेल्या पेशी, किती तास, कोणती तपासणी आणि झेड-प्राइम हे लिहा. निष्कर्ष याच नोंदींतून असा उतरतो: "हेपजी२ पेशींमध्ये, १०% सीरम आणि ०.५% डीएमएसओमध्ये, ७२ तासांनंतर एटीपीचा आयसी५० ६० मायक्रोमोलर (सीमॅक्सच्या १० पट). गॅलॅक्टोज मीडियात १५ मायक्रोमोलर. मायटोकॉन्ड्रियल इजेची शक्यता. चयापचयातून होणारी विषारिता या पेशींमध्ये तपासलेली नाही, त्यासाठी तीन दात्यांच्या प्रायमरी पेशींवर १४ दिवसांची तपासणी आवश्यक."